डबी हातात, चुंबक रेलिंगला: छोट्या जिओकॅशला चुंबक कसा बसवावा

जिओकॅश म्हणजे जीपीएसच्या मदतीने शोधायच्या खेळासाठी लपवून ठेवलेली डबी. प्रश्न थोडक्यात असा: "फिल्म रोलच्या जुन्या डबीच्या बुडाला निओडिमियमचा गोल चुंबक झटपट गोंदाने चिकटवला आणि सोसायटीच्या लोखंडी रेलिंगला लावून पाहिला. ओढली की डबी हातात येते, चुंबक रेलिंगलाच राहतो. याहून जोरदार चुंबक घ्यावा, की गोंद बदलावा? पुढे बडोद्याच्या कामाटीबागेत जिओकॅश ठेवायचा विचार आहे. घरातली मुलंही सोबत असतात."

जोरदार चुंबक घेऊ नका, त्याने दुखणं वाढेल. गोंदाचंही नंतर बघू. आधी चुंबकाची जागा बदला. तो डबीच्या बाहेरून काढून आत बसवा. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फॅब्रिकेशनच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. जिओकॅशिंगचा नाद लागल्यापासून अशा डब्या करून देण्याचं कामही माझ्याकडे येतं. बहुतेकांची अडचण हीच असते, आणि बहुतेक जण आधी चुंबकच बदलतात.

मुळात इथे बळ किती लागतं ते बघा. फिल्मची डबी, तिच्यात गुंडाळलेला लॉगचा कागद (शोधणारे त्यावर नाव लिहितात) आणि पेन्सिलीचा तुकडा, सगळं मिळून वजन वीसेक ग्रॅमच्या आतबाहेर. १० मिलिमीटर व्यासाचा आणि २ मिलिमीटर जाडीचा साधा निओडिमियम चुंबक सपाट, जाड लोखंडावर साधारण किलोभराच्या ओढीने बसतो. म्हणजे डबी पेलायला जेवढं बळ हवं त्याच्या पन्नासपट बळ तुमच्याकडे आत्ताच आहे. डबी काढताना हे सगळं बळ गोंदाला एकट्याने सोसावं लागतं. त्यातही माणूस डबी सरळ ओढत नाही, वरच्या टोकाला धरून तिरकी करतो. पाच सेंटिमीटर उंचीच्या डबीचा दांडा झाला आणि सगळा जोर चुंबकाच्या एका कडेवर आला. तिथला गोंद आधी सुटतो, मग उरलेला सोलून निघतो. चुंबक जितका जोरदार, तितकं हे लवकर होतं. दुप्पट ताकदीचा चुंबक लावणं म्हणजे गोंदावरचा भार दुप्पट करणं.

आता तोच चुंबक डबीच्या आतून बुडाला बसवा. डबी ओढली की चुंबक लोखंडाकडे खेचला जाणार, पण त्याच्या वाटेत डबीचं बूड आहे. तो बुडावर दाबला जातो, सुटत नाही. गोंदाचं काम आता एवढंच, की डबी हातात असताना चुंबक आत खुळखुळू नये. एवढं काम कुठलाही गोंद करेल. भार गोंदावरून काढून डबीच्या अंगावर टाकायचा, एवढंच या कामातलं मर्म आहे. पुढे सांगतो त्या सगळ्या युक्त्या याच विचाराच्या आहेत.

आत बसवण्याची किंमत आहे ती अंतराची. चुंबक आणि लोखंड यांच्यामध्ये एक मिलिमीटर प्लास्टिक आलं तरी अशा पातळ चकतीची ओढ निम्म्याच्या आसपास येते, दोन मिलिमीटरला आणखी बरीच घटते. म्हणून आत बसवायचा चुंबक व्यासाने थोडा मोठा आणि जाडीला तीन-चार मिलिमीटरचा घ्यावा. जाड चुंबकाचं बळ अंतराने तितकं चटकन ढासळत नाही. खोक्यावर एन३५, एन४२, एन५२ असे आकडे असतात. आकडा मोठा तेवढी सामग्री जोरकस, पण या कामाला एन३५ पुरतो. एन५२ साठी जादा पैसे घालण्यापेक्षा तेच पैसे जाडीत घाला.

घ्यायच्या आधी डबी उलटी करून बूड बघा. पुष्कळ डब्यांचं बूड मधोमध आत दबलेलं असतं आणि फक्त कडेची रिंग टेकते. अशा डबीत आतून बसवलेला चुंबक लोखंडापासून प्लास्टिकची जाडी अधिक तो खळगा इतका लांब राहतो आणि पकड उरत नाही. बुडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. पट्टीखालून उजेड दिसला तर ती डबी या कामाची नाही. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या किंवा औषधाच्या सपाट बुडाच्या प्लास्टिक डब्या कितीतरी बऱ्या, त्यातही फिरकीच्या झाकणाच्या.

चुंबक आत ठेवला की त्यावर एम-सीलचा पातळ थर द्या, कडेपर्यंत दाबून. दोन फायदे होतात. ओल शिरली तरी चुंबकाला लागत नाही, आणि डबी उघडणाऱ्या लहान मुलाच्या हाती तो येत नाही. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो, त्याबद्दल शेवटी लिहितो. चुंबक झाकणात मात्र कधी बसवू नका. झाकण रेलिंगला राहतं आणि बाकीची डबी लॉगसकट खाली पडते. तो असावा अंगाच्या बुडात, आणि डबी लटकावी झाकण खाली करून. मग पावसाचं पाणी झाकणाच्या सांध्यावर साचत नाही, ओघळून जातं.

बुडाने न लावता डबी आडवी, पाठीने लावायची असेल तर सायकलीची फाटकी ट्यूब आणा. पंक्चरवाल्याकडे ती फुकट मिळते. डबीवर किंचित ताणून बसेल असा तुकडा कापा, डबीच्या लांबीइतका. चुंबक डबीच्या पाठीवर ठेवून वरून ट्यूब चढवा. चुंबक आता प्लास्टिक आणि रबर यांच्यात अडकलेला आहे, निघायला वाटच नाही. शिवाय रबरामुळे डबी घसरत नाही, लोखंडाचा रंग खरवडत नाही आणि काळा रंग असल्याने चटकन नजरेत येत नाही. उन्हाने रबर कडक होऊन चिरा पडतात, तेव्हा दर वर्षी पावसाळ्याआधी तुकडा बदलावा. बाटली फुगवण्याआधीची जी पेटची जाड नळी असते, प्रीफॉर्म म्हणतात ती, तिला तर हाच उपाय करावा. नळीचं बूड गोल असल्यामुळे तिथे चुंबक नीट बसतच नाही, पण फिरकीचं झाकण पाणी आत शिरू देत नाही आणि नळी दगडासारखी टणक असते. मला मिळेल तेव्हा मी तीच वापरतो. हीट-श्रिंक नळीनेही हे जमतं, पण ती आवळायला शंभर अंशांच्या आसपास गरम हवा लागते आणि साधा निओडिमियम ८० अंशांपुढे आपलं बळ कायमचं गमावू लागतो. सायकलीच्या ट्यूबला ही भीती नाही.

तिसरा मार्ग स्क्रूचा. लोखंडी वाटीत बसवलेले, मध्ये काउंटरसंक, म्हणजे स्क्रूचं डोकं आत बसेल असं, भोक असलेले चुंबक मिळतात. त्यांना पॉट मॅग्नेट म्हणतात. डबीच्या बुडाला भोक पाडून एम३ चा स्टेनलेस स्क्रू घाला, आतून रबरी वॉशर, मग स्टीलचा वॉशर, मग नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, नट. रबरी वॉशरने भोक पाण्याला बंद होतं. नट बेताने आवळा. लांबोळ्या लॉक-लॉक डब्यांसाठी हाच मार्ग घ्यावा, कारण त्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्यावर गोंद जवळजवळ धरतच नाही. पॉट मॅग्नेटच्या वाटीमुळे चुंबकाचं सगळं बळ एका तोंडाशी गोळा होतं, म्हणून लोखंडाला थेट टेकल्यावर तो फार घट्ट बसतो, पण मध्ये फट आली तर साध्या चकतीपेक्षाही लवकर ढिला पडतो. तेव्हा त्यावर रबर चढवू नका. आणि साध्या चुंबकाला घरी ड्रिलने भोक पाडायला जाऊ नका. निओडिमियम ठिसूळ असतो, फुटून उडतो, आणि त्याचा भुगा पेट घेतो.

आता गोंद. बाहेरून चिकटवल्याशिवाय गत्यंतर नसेल तरच. तुमचा चुंबक सुटला त्याचं अर्धं कारण ती डबी आहे. फिल्मच्या डब्या पॉलिथीनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. ही प्लास्टिकं मेणचट, त्यांच्या पृष्ठावर गोंद पसरतच नाही, थेंब गोळा होऊन राहतो. फेविक्विकसारखा झटपट गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो आणि धक्क्याला तडकतो. चुंबक लोखंडावर खट्‌कन आदळतो तो प्रत्येक वेळी एक धक्काच. बंदुकीतून येणारा गरम गोंद आपल्याकडच्या उन्हात मऊ पडतो. राहतो तो दोन ट्यूबांचा एपॉक्सी, अ‍ॅराल्डाइटसारखा, आणि तोही रात्रभर वाळणारा. पाच मिनिटांत बसणारा सोयीचा असतो, पण उष्णतेत आणि ओलीत तो आधी हार खातो.

पृष्ठ तयार करणं हे गोंदाहून महत्त्वाचं. चुंबकावरचा निकेलचा मुलामा गुळगुळीत असतो. १५० च्या आसपासच्या पॉलिश पेपरने त्याची चमक जाईल इतकंच घासा. खालचा तांबूस रंग दिसू लागला तर जास्त झालं. मुलामा गेला की चुंबक गंजणार. डबीही घासा, स्पिरिटने पुसा आणि पुसलेल्या जागेला बोट लावू नका. पॉलिथीनवर एक जुनी कारखानदारी युक्ती चालते: लायटरच्या निळ्या ज्योतीवरून ती जागा झरकन फिरवायची, प्लास्टिक वितळणार नाही इतक्या वेगाने. वरच्या थराचं ऑक्सिडीकरण होऊन गोंद पसरू लागतो. पाण्याचा थेंब टाकून बघा. आधी गोळा होत होता, आता पसरत असेल तर काम झालं. लगेच गोंद लावा, कारण हा गुण हळूहळू ओसरतो. गोंद चुंबकाच्या फक्त खाली नको, त्याच्या कडेने वर चढवून कॉलरसारखा धरू द्या, म्हणजे तिरक्या ओढीला कडेचा आधार मिळतो.

वाळवताना एक करा. जिथे डबी लावायची त्याच मापाच्या पाइपचा तुकडा भंगारातून आणा, त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळा आणि डबी त्यावरच चिकटवून वाळू द्या. चुंबक आपली बैठक आपण शोधतात आणि त्याच बैठकीत गोंद पक्का होतो. दोन चुंबक वापरायचे असतील तर याला पर्यायच नाही. टेबलावर मोकळे ठेवलेले दोन चुंबक ओल्या गोंदातून सरकून एकमेकांना जाऊन चिकटतात.

रेलिंगची गोष्ट वेगळीच. तुमचं रेलिंग बहुधा गोल पाइपचं आहे. गोल पाइपवर सपाट चकती एका रेषेवर टेकते, दोन्ही बाजूंना फट राहते आणि किलोभराची ओढ कितीतरी खाली येते. एका मोठ्या चकतीऐवजी पाइपच्या लांबीच्या दिशेने दोन लहान चुंबक अंतर ठेवून लावा. पकड वाढते आणि डबी गरगर फिरतही नाही. दिव्याच्या पेटीचा किंवा बोर्डाचा पातळ पत्रा असेल तर दोन चुंबक शेजारी, एकाचा उत्तर ध्रुव बाहेर आणि दुसऱ्याचा दक्षिण, असे बसवा. पातळ पत्र्यात चुंबकीय प्रवाह फारसा मावत नाही. शेजारी उलटा ध्रुव असला की तो पत्र्यातून जवळच्या जवळ परततो आणि पत्र्याचा पुरा उपयोग होतो.

उभ्या पृष्ठावर आणखी एक फसगत होते. चुंबकाच्या खोक्यावर लिहिलेली ओढ सरळ बाहेर खेचण्याची असते. खाली घसरण्याला विरोध फक्त घर्षण करतं, आणि गुळगुळीत निकेल व ऑइलपेंट यांच्यात ते ओढीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकंच मिळतं. वीस ग्रॅमला तेही पुरतं, पण गेट आदळलं, झुल्याच्या खांबाला हिसके बसले, माकडाने हात घातला, की डबी इंचाइंचाने खाली येते. म्हणून उभ्या खांबापेक्षा आडव्या अँगलच्या किंवा चॅनलच्या पोटाखालची जागा शोधा. तिथे ऊन नाही, पाऊस नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजरही नाही.

स्टेनलेसचं रेलिंग असेल तर खिशात एक चुंबक घेऊनच जा. चकचकीत रेलिंग बहुधा ज्या ३०४ किंवा २०२ जातीच्या स्टीलचं असतं, त्यांना चुंबक धरत नाही, फार तर वाकवलेल्या जागी किंचित ओढ जाणवते. ४३० जातीला धरतो. नुसतं बघून फरक कळत नाही.

बडोद्याच्या उन्हाचा हिशेब आधीच करा. मे महिन्यात हवा ४२-४३ अंशांवर जाते, पण भर उन्हातलं गडद रंगाचं लोखंड त्याच्या पुष्कळ वर तापतं, हात टेकवत नाही. साध्या निओडिमियमची मर्यादा ८० अंश सांगतात. पातळ चकत्या त्याच्या अलीकडेच थोडं बळ कायमचं गमावतात, आणि घरी वाळवलेला एपॉक्सी पन्नास-साठ अंशांपुढे मऊ होऊ लागतो. सावलीतली जागा मिळाली तर दोन्ही चिंता मिटतात. न मिळाली तर नावापुढे एच अक्षर असलेला चुंबक मागवा, तो १२० अंशांपर्यंतचा असतो. नाहीतर फेराइट वापरा, जुन्या स्पीकरमध्ये असते ती काळी रिंग. जोर बराच कमी, पण उन्हाने बिघडत नाही, गंजत नाही आणि भंगारवाल्याकडे चार पैशांत मिळते. थोड्या मोठ्या डबीच्या बुडाला दोन इंची फेराइटची रिंग उत्तम जमते. तिला दुर्लक्षिलं जातं याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्या हवेत तीच सगळ्यात टिकाऊ.

गंजाचं म्हणाल तर निओडिमियम लोखंडासारखा वरवर गंजत नाही. मुलाम्याला टवका उडाला की ओल आत शिरते, चुंबक फुगतो, पापुद्रे सुटतात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. फुगताना तो वरचा गोंदही उखडून टाकतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात उघडा, टवका उडालेला चुंबक एक मोसमही काढत नाही. चारी बाजूंनी एपॉक्सीत बुडवलेला टिकतो.

आता कामाटीबाग. आधी बागेच्या कार्यालयात जाऊन, डबी दाखवून परवानगी घ्या. जिओकॅशिंगच्या नियमातही जागेच्या मालकाची संमती लागते, काहीही खणायचं, ठोकायचं किंवा खरवडायचं नसतं, आणि दोन कॅशमध्ये निदान १६१ मीटर अंतर लागतं. चुंबकाचं खरं सौंदर्य इथेच आहे, की तो मागे कुठलीही खूण ठेवत नाही. म्हणून रंग खरवडणारा उघडा चुंबक मला पटत नाही. संग्रहालयाची इमारत, पुतळे, जुने ओतीव लोखंडाचे नक्षीकाम, यांना हात लावू नका. विश्वामित्रीच्या काठाकडची बाजूही टाळा. नदीत मगरी आहेत, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या पार वस्तीत आल्या होत्या. डबी शोधणारा माणूस खाली वाकून, हात घालून चाचपत असतो, हे जागा निवडताना डोळ्यांसमोर असू द्या.

आणि डबी बेवारस वस्तू वाटता कामा नये. लोखंडाला चिकटवलेली बंद काळी डबी पोलिसांना काय वाटेल याचा विचार करा. १३ फेब्रुवारी २०१२ रोजी दिल्लीत इस्रायली दूतावासाच्या गाडीला मोटरसायकलस्वाराने चुंबकानेच स्फोटक लावलं होतं. तेव्हा गाड्या, रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, बँक, कोर्ट, शाळा आणि राजवाड्याची फाटकं पूर्ण वर्ज्य. वायर, टेप, सर्किटसारखं काहीही डबीवर दिसू नये. पारदर्शक डबी घ्या, आत काय आहे ते बाहेरून दिसू द्या, आणि गुजरातीत व हिंदीत स्पष्ट लिहा: हा जिओकॅशिंग खेळाचा डबा आहे, आत फक्त कागद आहे, कृपया जागेवर ठेवा. आपण घरी मराठी बोललो तरी ती डबी उचलणारा माळी किंवा पहारेकरी गुजराती वाचणारा असेल. सायकलीची ट्यूब वापरलीत तर ती अर्ध्याच डबीवर चढवा, लिहिलेलं झाकू नका.

शेवटी मुलं. हे लिहिताना हात आखडता घेणार नाही, कारण हे छोटे चुंबक चकचकीत असतात आणि तोंडात घालावेसे वाटतात. एक गिळला तर कदाचित निभावेल, पण दोन गिळले, किंवा एक चुंबक आणि एक लोखंडाचा तुकडा, तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेढ्यांतून ते एकमेकांना धरतात. मधली भिंत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिला भोक पडतं. सुरुवातीला मूल नुसतं पोट दुखतंय म्हणतं, खेळतही असतं. म्हणून डबी बनवताना मुलांनी लॉग कापावा, चिठ्ठी लिहावी, ट्यूब चढवावी, पण मोकळे चुंबक मोठ्यांच्याच हातात राहावेत. काम सुरू करताना मोजून काढा, संपल्यावर मोजून परत ठेवा. घरात कुणाला पेसमेकर असेल तर चुंबक छातीपासून निदान १५ सेंटिमीटर लांब, आणि शर्टाच्या खिशात तर कधीच नाही. मोजणीत एक कमी भरला आणि मुलाने गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट बघू नका, रेच देऊ नका, केळं खायला घालू नका. थेट सयाजी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढा, आणि गिळलेली वस्तू चुंबक आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.